साहेबांच्या पुतळ्याचा चेहरा

आबा,

तुमचा चेहरा पसंत करायला मला परवा सांगलीला बोलावलं होतं. हसू नका. मुलगी बघायला जातात तसेच आम्ही गेलो. आधी पोहे, मग चहा, मग ऊसपाण्याच्या गप्पा, आणि सगळ्यांनी बशा खाली ठेवल्यावर शिल्पकारानं तुमच्यावरचं ओलं फडकं काढलं. गावानं तुमचा पुतळा करायला घेतलाय. उंब्रजच्या पुढं हमरस्ता सोडून आपल्या गावाकडं वळतो ना, त्या फाट्यावर बसवणार आहेत. आधी मातीचा करतात, घरच्यांनी "हो, हेच" म्हटलं की साचा काढून धातू ओततात. एकदा ओतलं की नाकाचं टोकसुद्धा हलवता येत नाही, म्हणून आधी घरच्यांची पसंती. आणि घरचं म्हणायला आता राहिलंय कोण? आई गेली, तात्या गेले. तुमची लेक मी आहे साताऱ्यात, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांना पट्टे बांधून. म्हणून मला नेलं. सोबत पुतळा समितीचे अध्यक्ष होते आणि गाडी चालवायला माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा.

फडकं निघालं, आबा. डोळ्यांच्या कडेला त्या बारीक सुरकुत्या, खालचा ओठ उजवीकडं जरासा ओढलेला, आता काहीतरी चिडवून बोलणार असा. टोपी कपाळावर थोडी मागं सरकलेली. मी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडले. तिथं चार परकी माणसं उभी, मी या वयाची, पण आवरेना. अध्यक्ष लगेच म्हणाले, "बघा, ताईंनी वळखलं! आता कुनाची सही बी नगं अन् काय बी नगं." त्यांनी मोबाइलवर माझा रडतानाचा फोटो काढला, तो दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला म्हणे. मी नाक पुसलं, चष्मा घातला, आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून भिंतीजवळ गेले. शिल्पकारानं भिंतभर तुमचे फोटो लावले होते. त्यात माझ्या लग्नाचा फोटो होता.

मुंडावळ्या बांधलेली मी, मान खाली, आणि माझ्या शेजारी अक्षता हातात घेऊन उभे राहून हसणारे ते तुम्ही नव्हता, आबा. ते तात्या होते. माझ्या लग्नाच्या दिवशी तुमचं लोकसभेत मतदान होतं, पक्षाचा हुकूम होता, कन्यादान तात्या-काकूंनी केलं. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, "साहेब, कन्येच्या विवाहात." मग मी बाकीचे फोटो बघत सुटले. कुणाच्या बारशात, कुणाच्या दुकानाच्या मुहूर्ताला, तालमीच्या आखाड्यात पैलवानाच्या डोक्यावर फेटा ठेवताना. सगळीकडं तात्याच. तुमचेही फोटो होते, नाही असं नाही, पण ते दिल्लीतले, मंत्र्यांच्या रांगेत मागं उभे असलेले, सुपारीएवढं तोंड. शिल्पकार बिचारा भला पोरगा, तो म्हणाला, "जवळून काढलेले, हसरे फोटो हेच होते मॅडम. समितीनं व्हॉट्सअपवर आवाहन केलं होतं, साहेबांचे फोटो पाठवा म्हणून. लोकांनी पाठवले."

लोकांनी पाठवले! पाठवणारच की. त्यांच्या लेखी तेही साहेबच होते. तुम्ही आमदार झालात तेव्हापासून आपल्या घरची रीतच पडून गेली. तुम्हाला यायला जमत नसेल तिथं तात्यांनी जायचं. पुढं तुम्ही खासदार झालात, मंत्री झालात, आणि मग जमण्याचा प्रश्नच मिटला. लग्न, मयत, जत्रा, नवीन मोटारीची पूजा, सगळीकडं तुमची पांढरी टोपी आणि तुमचंच जाकीट घालून तात्या. उंची तीच, नाक तेच. लोक आधी म्हणायचे, "साहेबांचे बंधू आले." मग म्हणायला लागले, "साहेबांकडनं आले." आणि शेवटी नुसतंच, "साहेब आले." तात्या एकदोनदा म्हणायचे, "आवं, मी न्हवं, थोरले दिल्लीत हायत," पण मांडवात एवढं समजावत बसायला वेळ कुणाला असतो? नारळ घेतला, अक्षता टाकल्या, पुढच्या मांडवाला. अख्ख्या तालुक्यात निम्म्या जोडप्यांच्या लग्नात साहेब आले होते, आणि साहेब तर दिल्लीत होते!

परतीच्या वाटेवर तात्यांचा मुलगा गाडी चालवत होता. त्यानंही फोटो बघितले होते, मला माहीत होतं. पलूसच्या पुढं आल्यावर म्हणाला, "अक्का, तोंड आमच्या तात्याचं हाय."

मी म्हटलं, "हं."

"तू काय म्हनलीस त्या पोराला?"

"उद्या-परवा फोन करून सांगते म्हणाले."

त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर मागं टाकला. मग म्हणाला, "हे बघ, पुतळा थोरल्या आबांचा हाय. तेंचंच तोंड पायजे. न्हाईतर लबाडी हुईल ती." मी म्हटलं, खरंय. कुंडलच्या फाट्यावर रसाच्या गुऱ्हाळाला थांबलो. त्यानं रस घेतला, पण ग्लास हातातच. म्हणाला, "पन आमच्या घरात तात्याचा एक फोटू न्हाई, अक्का. वर्षश्राद्धाला लावायला शोधला तवा मिळाला न्हाई. आन् हितं भिंतभर!" मग घटाघट रस प्यायला आणि म्हणाला, "तू म्हनशील तसं. मी काय बोलनार न्हाई." काय करू सांगा आता? एकीकडं तुम्ही आणि एकीकडं तात्या. त्या रात्री मला झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी डाळ करपली, आणि आज मी तुम्हाला हे लिहायला बसलेय, जसं काही तुम्ही दिल्लीहून उत्तर पाठवणार आहात. जिवंतपणी कधी चार ओळी पाठवल्या नाहीत.

म्हणजे अगदीच काही पाठवलं नाही असं नाही. दर हिवाळ्यात तुम्ही तिकडून लोकरीचा स्वेटर आणायचात. दर वर्षी तो मला आखूड व्हायचा, कारण तुम्ही मला गेल्या वर्षी बघितलेलं असायचं. लाल एक होता, फार सुंदर, मनगटाच्या वर वीतभर राहिला. मी रुसून बसले होते, तर तात्या म्हणतात, "अगं, त्यो आखूड न्हाई, तूच लांब झालीयास. आबा काय करनार?" मला हसवलं आणि स्वेटर आपल्या मुलाला घालून टाकला. तेव्हा मला वाटायचं तात्या तुमची बाजू घेतात. आता वाटतं, ते माझी घेत होते. का दोन्ही? मला आता काहीच नीट लागत नाही.

तुम्हाला आठवतं, मी दहावीत होते, आणि दिल्लीहून तुमच्याबरोबर कुणी पत्रकार आले होते? बाहेरच्या सोप्यात माणसांची ही गर्दी. मी चहाचा ट्रे घेऊन आले. त्या गृहस्थांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "बेटा, वडील घरी असतात तेव्हा सकाळी काय करतात?" मी म्हटलं, "धारा काढतात." सगळा सोपा हसला. तुम्हीही हसलात, म्हणालात, "आमचे संस्कार आहेत, आम्ही मातीशी नातं सोडलं नाही." आणि ते गेल्यावर मला माजघरात बोलावलंत. "तुझा बाप दिल्लीत असतो हे सांगायला लाज वाटते का तुला? कोण धारा काढतो? बाप कोण, हे तरी ध्यानात ठेव." ओरडला नाहीत, हळू आवाजात बोललात. त्यानं जास्त लागलं. मी रडत गोठ्यात गेले, म्हटलं तात्या समजूत घालतील. तर ते तुमच्याहून चिडलेले! "व्हय गं, मी बाप हाय व्हय तुजा? थोरल्याचं नाक कापलंस चार लोकांत. येडी!" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी तर कुणाचाच अपमान करायला गेले नव्हते, आबा. वडील सकाळी काय करतात विचारलं, मला सकाळी जे दिसायचं ते मी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, हिला फक्त गाऱ्हाणी आठवतात. नाही हो. तुम्ही जे केलंत ते मला माहीत आहे. नदीवरचा पूल तुम्ही आणलात. डोंगराकडच्या गावांना उपशाचं पाणी तुमच्या सहीनं चढलं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही नवे नवे आमदार, घाट चढून गेलात ते कितीतरी दिवस परत आला नाहीत. आई सांगायची, दगडमातीखालनं माणसं काढताना एक तुळई निसटून तुमच्या डाव्या खांद्यावर आली. खांदा निखळला, तिथंच कुणीतरी बसवला, तो वाकडाच बसला. पुढं आयुष्यभर तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पण हे गावात कुणाला ठाऊक नाही, कारण उंब्रजचे शिलाईवाले चाचा तुमच्या प्रत्येक जाकिटाच्या डाव्या खांद्यात कापसाची गादी भरायचे. तेच जाकीट तात्यांना घातलं की त्यांचा डावा खांदा वर दिसायचा, आणि काकू म्हणायच्या, "हे बघा, अंगात मंत्रिपद आलं." तात्यांना ते आवडायचं नाही. ते हळूच गादी खाली दाबून बाहेर पडायचे.

त्या खांद्यामुळंच परवा घोटाळा झाला. फोटो बघून माझं डोकं बधिर झालेलं, तोंडाकडं बघवेना, म्हणून मी पुतळ्याच्या मागं गेले. पाठ अगदी सरळ, दोन्ही खांदे एका रेषेत. हे कोण उभं राहिलंय, असं झालं मला. मी शिल्पकाराला म्हटलं, डावा खांदा खाली घ्या. अध्यक्ष पुढून धावत आले. "ताई, काय बोलताय? साहेबांचा खांदा कवा पडला हुता? पुतळा वाकडा झाला तर लोक म्हनतील ठेकेदारानं माती खाल्ली!" मी ऐकलं नाही. तुमचाच हट्टी स्वभाव माझ्यात आलाय, बाकी काही नाही आलं. तो पोरगा शिडीवर चढला, लाकडी कोरणीनं माती काढू लागला. मी खालून सांगत होते, अजून. अजून थोडा. मानेजवळ भरा, तिथं मांस होतं. आता डावा हात शरीराला जरा धरून. आणि एका क्षणी तुम्ही आलात, आबा. म्हणजे निघालात. बाहेर गाडी चालू आहे, कार्यकर्त्यांनी दार उघडून धरलंय, आई उंबऱ्याच्या आत उभी आहे, आणि तुम्ही पायऱ्या उतरताय. मी दारातून बघतेय. मागं वळून बघत नाही तुम्ही, वळलं की गाडी चुकते असं म्हणायचात. खांदा डावीकडं उतरलेला. हे मला कुठल्याही गर्दीत ओळखता आलं असतं.

एकदाच तुम्ही स्वयंपाकघरात आला होता. निवडणूक हरलात त्या साली. पक्ष बदलून उभे राहिलात, आणि ज्यांना तुम्ही बोट धरून राजकारणात आणलंत त्यांनीच पाडलं. निकालानंतर दोनचार दिवस माणसं येत राहिली, मग एकदम थांबली. सोप्यातल्या सतरंज्या गुंडाळल्या. दुपारी मी माहेरपणाला आलेली, शेवया वळत होते, आणि तुम्ही नुसत्या बनियनवर आत आलात. आईला विचारलंत, "पाणी कुठं असतं?" आपल्याच घरात, आबा! आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "आवं, हितंच की. बसा." तुम्ही चुलीकडं तोंड करून पाटावर बसलात. पाट तात्यांचा होता, ते दारात आले, तुम्हाला बघितलं आणि आवाज न करता परसात निघून गेले. आईनं पिठलं-भाकरी वाढली. तुम्ही भाकरी मोडली, एक घास घेतला, आणि म्हणालात, "रोज असंच असतं का इथलं?" आई म्हणाली, "कसं?" तुम्ही पुढचा घास मोडलात. मी तुमच्या मागं होते, हातात शेवयांचं पीठ. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं, डावा खांदा उतरलेला. मला वाटलं उठून पुढं जावं, बघावं तुमच्याकडं. पण बापाला असं बघू नये असंही वाटलं. मी शेवया वळत राहिले. नंतर वर्ष-दीड वर्षात दिल्लीनं तुम्हाला परत बोलावून घेतलं, राज्यसभा मिळाली, सतरंज्या पुन्हा पसरल्या, आणि पाट तात्यांचा झाला.

तुम्ही गेलात तेव्हा विमानानं आणलं तुम्हाला. फुलांनी सगळं झाकलेलं. रांग एवढी की पोलीस मला म्हणाले, "बाई, पुढं चला." तात्याच ओरडले, "आरं, लेक हाय ती!" तात्या गेले ते पुढच्याच वर्षी, बांधावर बसल्या बसल्या. गावातली माणसं आली, चांगली आली, पण पेपरात दोन ओळी, त्याही "माजी केंद्रीय मंत्र्यांचे बंधू". मला त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता. गेलेल्या माणसावर राग धरून काय उपयोग, तरी आला. मग स्वतःचा आला. तात्यांना कधी कुणी विचारलं नाही, तुम्हाला हे करायचंय का म्हणून. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही. त्यांना ते आवडत होतं का, आबा? मला वाटतं, मांडवात लोक पाया पडायचे ते त्यांना आवडायचं आणि घरी येऊन जाकीट खुंटीला लावताना आवडायचं नाही. हा माझा अंदाज. विचारायला आता कोण आहे?

थांबा, फोन आलाय.

फोन झाला. शिल्पकार होता. म्हणाला, "मॅडम, ओतकामाची माणसं कोल्हापूरहून आलीत, तुमचं काय ठरलं? समितीची काही हरकत नाही. पण तुम्ही त्या दिवशी फोटोंकडं बघत होता, मला शंका आली. चेहरा चुकला असेल तर आत्ताच सांगा. साहेबांचं कपाळ, ओठ, डोळे कसे होते तेवढं बोला, मी दोन दिवसांत बदलतो." मी म्हटलं, चेहरा बरोबर आहे. तसाच ठेवा. खांदा मात्र वर घेऊ नका, अध्यक्ष काही म्हणोत. तो खुशीत हो म्हणाला. मग मी तात्यांच्या मुलाला लावला. "चेहरा तात्यांचाच राहू दे," म्हटलं. "तालुक्यानं ज्यांना साहेब म्हणून बघितलं ते तात्याच. लग्नं त्यांनी लावली, खांदे त्यांनी दिले. पुतळ्याला लोक तोंड बघायला येतात. आबांचं काम पुलाला आणि पाण्याला आहेच." मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, "लय मोटं मन तुजं, अक्का. थोरले आबा बी असंच म्हनले असते." आणि फोन ठेवला. उद्घाटनाला मंत्री येणार आहेत, मला पुढच्या रांगेत बसवतील, हार घालायला लावतील. तात्यांना हार घालीन, आणि मग मागं येऊन तुमच्याकडं बघत उभी राहीन. लोकांना वाटेल म्हातारी सावली शोधतेय.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. मोठं मन वगैरे काही नाही, आबा. त्या पोरानं विचारलं ना, डोळे कसे होते, ओठ कसे होते, तेव्हा मी फोन कानाला धरून डोळे मिटले. तुमची टोपी दिसली, जाकीट दिसलं, चुलीपुढची पाठ दिसली, गाडीकडं जाणारा तो खांदा दिसला. मधे तुमचं तोंड यावं म्हणून मी खूप थांबले, तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता. आलं ते तात्यांचंच आलं. तुमचं मला आठवत नाही.